खबर ना वही

“हें तुमकां खबर आसा, काय तुमकां तशें दिसता?”

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने विचारला, आणि मी उत्तर टाळलं. आमच्या बाजूला ‘खबर आसा’ म्हणजे माहीत आहे आणि ‘दिसता’ म्हणजे वाटतं. पुढे नोकरीत कितीतरी मोठ्या माणसांची भाषणं ऐकताना हाच प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर यायचा. मी सरकारी नोकर होतो. गिळायचो.

गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पेडण्यात गावोगाव मराठी शाळा निघत होत्या आणि मास्तर कमी पडत होते, म्हणून सावंतवाडीकडच्या माझ्यासारख्या कोणालाही धरून आणत होते. माझी शाळा देवळाच्या पडवीत भरायची. पटावर नावं हवीत म्हणून मी रजिस्टर घेऊन घरोघर फिरत होतो. मोप्याच्या पठाराच्या उताराला एकच ख्रिस्ती घर होतं. पुढे पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, बाजूला काजूची झाडं. तिकडे वळलो तर गुराख्याने हटकलं.

“थंय कित्याक वतात मास्तर? तें इस्कोल.”

“शाळा? कुणाची?”

“इस्कोल म्हळ्यार तो मनीस. भुरग्यांक घरांतच शिकयता. पिसो.”

इस्कोल म्हणजे शाळा. पोर्तुगीज गेले तरी हा शब्द मागे राहिला होता. गावाने तो एका माणसाला देऊन टाकला होता. ‘इस्कोलाकडचीं केळीं’, ‘इस्कोलाची बायल’ असं लोक सहज बोलत. मी मात्र त्यांना ‘बाब’ म्हणत आलो. वयाने माझ्या दुपटीहून मोठे होते.

बाब बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बाकांच्या सोप्यावर, जाळं विणत बसले होते. पंचवीस वर्षं बोटीच्या भटारखान्यात काढून ते घरी परतले होते. इंग्रजी शिकले ते डब्यांवरची लेबलं वाचून आणि उतारूंनी मागे टाकलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत तत्त्वज्ञान होतं तसंच टिकाऊ दुधाचंही वर्णन असे. मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलायला सुरुवात केली. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

“मास्तर, तुमगेल्या शाळेंत एकटो शिकयता आनी चाळीस जाण ऐकतात. हांगां पांच जाणां शिकयतात आनी तींच पांच शिकतात. खंयचें बरें?”

हिशेब चुकीचा नव्हता, म्हणून मला तो उद्धटपणा वाटला. तेवढ्यात थोरली मुलगी काजूचं बोंड घेऊन आली. नाव फिलोमेना, घरात मेना.

“मास्तर, सगळ्या फळांची बीं भितर. काजूची भायर कित्याक?”

मी मास्तर होऊन सहा महिने झाले होते. सहा महिन्यांच्या मास्तराला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. त्याला वीस वर्षं लागतात, आणि पुष्कळांना तीही पुरत नाहीत. मी म्हणालो, पक्ष्यांनी बी लांब न्यावी म्हणून निसर्गाने ती बाहेर लावली आहे. तेव्हा तिने तो सुरुवातीचा प्रश्न विचारला. मी रजिस्टरात काहीतरी लिहू लागलो. बाबांनी जाळ्यातून मान वर न काढता तिला सांगितलं, “मास्तराच्या नांवान पान घाल गो बाय. वयेंत बरय.”

बरय म्हणजे लिही, आणि ती वही म्हणजे ‘खबर ना’ वही. जाड पुठ्ठ्याची, बोटीवरच्या कोठाराची असावी. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं तीत एकेक पान होतं. जे माहीत नाही ते आपापल्या पानावर लिहायचं आणि कळलं की रेघ मारून खोडायचं. ज्याचा प्रश्न त्यानेच खोडायचा; दुसऱ्याने उत्तर सांगावं, पण पटलं की नाही हे विचारणाऱ्याने ठरवावं. बाबांची बायको निरक्षर. तिचं पान मेना लिहून द्यायची, आणि सगळ्यांत भरलेलं पान तिचंच होतं. त्या दिवसापासून त्या वहीत एका हिंदू मास्तराचंही पान सुरू झालं. वर एकच ओळ: काजूची बी बाहेर का?

माझं रजिस्टर रिकामंच परत आलं.

संध्याकाळी त्या घरात तेर्स चाले, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ती संपली की मेणबत्ती विझवण्याआधी प्रत्येकाने आज नवीन कळलेली एक गोष्ट सांगायची. हा त्यांच्या प्रार्थनेचाच भाग होता. ज्याच्याकडे काही नसेल त्याला शिक्षा नाही. दुसऱ्या कुणीतरी आपल्याकडची एक गोष्ट त्याला द्यायची. मी त्या घरी जाऊ-येऊ लागलो, कारण बाबांना देवनागरी शिकायची होती. सरकारचे कागद आता ‘ह्या लोंबत्या अक्षरांनी’ येतात, असं त्यांचं म्हणणं. पहिलीचं पुस्तक घेऊन ते धाकट्या मुलाशेजारी बसले. धाकटा जोडाक्षरांपर्यंत आधी पोचला तेव्हा बाबांनी त्याला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसले आणि म्हणाले, “आतां तूं मास्तर.” पोरगं पंधरा दिवस माझ्यासारखंच खाकरत होतं.

पाद्रीबाबांना हे सगळं पसंत नव्हतं. चर्चच्या शाळेत मुलं पाठवा, असं ते दर वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळात सांगायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, जेजूचं, म्हणजे येशूचं. “पाद्री, जेजू तीस वर्सां घरांतच शिकलो. सुतारकी आनी शास्त्र. कोणाक सर्टिफिकेट दाखयलें?”

“तुजीं भुरगीं जेजू न्हय रे!”

“हांवय ताचो बापूय जुझे न्हय. पूण प्रयत्न करपाक कितें जाता?”

त्यांच्या धर्माचा गाभा मला बायबलातल्या दहा आज्ञांपैकी आठव्या आज्ञेत दिसायचा. खोटी साक्ष देऊ नको, ही ती आज्ञा. बाबांच्या मते अंदाजाने दिलेलं उत्तर ही खोटी साक्षच. बरोबर निघालं तर जास्तच खोटी, कारण मग पकडलं जात नाही. मी म्हटलं, अशाने जगात बोलेल कोण? तर म्हणाले, “आंगवळणी पडटलें. बोटीर आमी कितले दीस मुकेच आसताले.”

माझ्या शाळेला इमारत मिळाली तेव्हा उद्घाटनाला एक साहेब आले. हारांमुळे त्यांची फक्त टोपी दिसत होती. ज्ञानाची गंगा आपल्या दारी आली आहे, असं त्यांनी निरनिराळ्या शब्दांत पाऊण तास सांगितलं. मी आग्रह केल्यामुळे बाब कुटुंबासह आले होते. टाळ्या थांबल्या तेव्हा बाबांची बायको उठली आणि पदर सावरत, अगदी अदबीने म्हणाली, “सायबा, गंगा आयली तें बरें जालें. पूण शाळेक बांय ना. भुरगीं उदक खंय पियेतलीं?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपीकडे पाहिलं. विहीर व्हायला पुढे दोन वर्षं लागली, पण झाली ती त्या वाक्यामुळे. साहेबांच्या भाषणातलं एकही वाक्य नंतर कुणाच्या उपयोगी पडल्याचं मला ठाऊक नाही.

मेना सोळा वर्षांची झाली त्या पावसाळ्यात धाकट्याला विषमज्वर झाला. त्याला म्हापशाच्या इस्पितळात ठेवलं. मेना तिथे सोबतीला होती. डॉक्टर येऊन रोज ‘काळजी करू नका’ म्हणायचे, पण आईला त्याचीच काळजी वाटायची. एके दिवशी पोर वाचेल ना म्हणून तिने नर्सला विचारलं, “पोर वाटावतलो मगे?” नर्स म्हणाली, “सांगूंक येना माय. पूण हांव हांगांच आसां.” आणि ती खरोखरच पोराचा ताप उतरेपर्यंत तिथे होती. मुलगा बरा झाला. घरी आल्यावर मेनाने जाहीर केलं की ती नर्स होणार. ‘खबर ना’ म्हणूनही माणसाच्या उपयोगी पडता येतं, हे तिने तिथे पाहिलं होतं.

नर्सिंगला मॅट्रिकचा कागद लागतो. आणि बाबांच्या घरात कागदाला जागा नव्हती.

“धोब्याक कागद लागना, म्हज्या बायलेक भुरगीं जल्माक हाडूंक कागद लागूंक ना,” ते म्हणाले. “शीक. इस्पितळांत वच, झाडू मार, बघ, शीक.”

“झाडू मारतल्याक कोण इंजेक्शन दिवपाक दिता, पाय?” बापाला ती ‘पाय’ म्हणायची.

दोन आठवडे त्या घरात तेर्सानंतर मेनाने नवीन गोष्ट सांगितली नाही, आणि इतरांनी दिलेलीही घेतली नाही. मग एका संध्याकाळी तिने वही उघडली आणि आपल्या पानावर लिहिलं: ‘पाय म्हाका परीक्षेक कित्याक बसयना?’

त्या घरात प्रश्न लिहिला की तो घराचा व्हायचा. बाबांना उत्तर सापडेना. तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले, बाहेर चपला काढल्या आणि मुलांच्या बाकावर बसले.

“मास्तर, म्हाका भंय दिसता,” ते म्हणाले. “हांवें शिकयलां तें थंय चलचें ना जाल्यार? मागीर कितें?”

एवढ्या वर्षांत त्यांना ‘दिसता’ म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेरून बसण्याचा अर्ज मी भरून दिला. गणित आणि मराठी मी शिकवलं, इंग्रजी बाबांनी, टिकाऊ दुधासकट. मेना हुशार होती. ती पास होणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, म्हणजे मला तसं दिसत होतं.

भूमितीच्या पेपरानंतर ती हसत बाहेर आली.

“कसा गेला?”

“बरो गेलो मास्तर. सात प्रश्नांक ‘मला माहीत नाही, शोधून काढीन’ अशें बरयलें.”

मी तिथल्या पायरीवर बसलो. “सात? ते वर्तुळाचं प्रमेय तर तुला येत होतं!”

“निमाणी, शेवटची ओळ येनासली. निमाणी ओळ येना जाल्यार पयल्यो ओळी येतात अशें कशें म्हणूं? सगळें खोडलें.”

एवढ्यावर थांबलं नव्हतं. इतिहासाच्या पेपरात शेजारची मुलगी स्वतःशीच एक उत्तर पुटपुटत होती, ते मेनाच्या कानावर पडलं. प्रश्न तिला सोडताही येईना, कारण उत्तर आता माहीत झालं होतं. म्हणून तिने ते लिहिलं आणि खाली स्वच्छ अक्षरात टीप दिली: ‘हे उत्तर मी शेजारी ऐकले. माझे नाही. गुण देऊ नयेत.’ परीक्षकाने तिची इच्छा मानली. दोन विषयांत ती थोड्या गुणांनी राहिली.

कारेरीत, म्हणजे म्हापशाच्या बसमध्ये, तिकिटं फाडणाऱ्याने बाबांना छेडलं. “बाब, तुमगेल्या इस्कोलाचो रिझल्ट कितें?”

“शंबर टक्के,” बाब म्हणाले. “एकलें बसलें, एकलें फेल.”

बस हसली. मेना खिडकीबाहेर पाहत राहिली. नंतर मी बाबांवर चिडलो. एवढा चिडलो की त्यांच्या घरी, त्यांच्या बलकांवात उभा राहून बोललो. त्यांच्या तत्त्वांचा भार ते स्वतः उचलत नाहीत, पोरगी उचलते, असं काहीतरी. त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “मास्तर, बसून उलयात. उबें रावून उलयलेलें ताका ऐकूंक येना.” मी बसलो. 

आठवड्याने बाब अर्ज भरायला आले. दोन अर्ज होते. एक मेनाचा, एक त्यांचा स्वतःचा.

“शिकयतल्यान चुकयलां काय भुरग्यान, हें भायल्यान बसून कळना,” ते म्हणाले.

पन्नाशी गाठलेल्या माणसाने वर्षभर भूमिती केली. जाळं विणणाऱ्या त्या हातांना कंपास धरता यायचा नाही, पण वर्तुळ काय असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजायचं. परीक्षेच्या सकाळी ते बोटीवरचा जुना काळा कोट घालून आले. केंद्रावरच्या शिपायाने त्यांना तपासणीला आलेले साहेब समजून नमस्कार घातला आणि हातांची कदेल, म्हणजे खुर्ची, आणून ठेवली. पर्यवेक्षकही उठून उभे राहिले. बाबांनी खिशातून बैठक-क्रमांकाची चिठ्ठी काढून दाखवली. खुर्ची ज्या वेगाने आली त्याच्या दुप्पट वेगाने परत गेली.

मी दरवाज्यापर्यंत सोबत होतो. आत जाण्याआधी बाबांनी मेनाला थांबवलं. 

“बाय, आयक. हांगां दिसता तें बरय. निमाणी ओळ येना जाल्यारय बरय. खबर आसा तें घरा.”

मेनाने विचारलं, “पाय, आठवी आज्ञा?”

“ती म्हजेर सोड,” ते म्हणाले.

मेना पास झाली. बाब नापास झाले. गुणपत्रिका पाहिल्यावर मी त्यांना विचारलं, ‘माहीत नाही’ कितीदा लिहिलंत? “इकरा,” ते म्हणाले. अकरा वेळा.

“पोरीला सांगितलंत, मग स्वतः अंदाजाने का नाही लिहिलं?”

“म्हाका नर्स जावचें ना मरे.”

त्या रविवारी ते पाद्रीबाबांकडे कबुलीला गेले. अंदाजाने उत्तर लिहायला लेकीला सांगितलं हे पाप आहे का, असं त्यांनी विचारलं. पाद्रीबाबा म्हणाले, हें पाप न्हय. बाबांनी विचारलं, हें तुमकां खबर आसा, काय दिसता? तेव्हा पाद्रीबाबांनी त्यांना तीन ‘नमान मारिये’, म्हणजे मरियेच्या प्रार्थना, म्हणायची शिक्षा दिली. त्या या प्रश्नाबद्दल होत्या. हे मला बाबांनीच, पाद्रीबाबांसारखा कपाळाला हात लावून, सांगितलं.

मी बदली होऊन डिचोलीकडे गेलो. कारापूरला असताना एका शेतकी खात्याच्या माणसाने मला सांगितलं की काजूचं बोंड हे फळ नव्हेच. तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे ती बाहेरची बी. म्हणजे ती बाहेर कधी नव्हतीच. मी सुट्टीत मुद्दाम पेडण्याला गेलो, बाबांना ते सांगितलं आणि हेही सांगितलं की पहिल्या दिवशी मी थाप मारली होती. बाबांनी वही माझ्यापुढे सरकवली. बारा वर्षांनी मी माझी ओळ खोडली. नोकरीत मिळालेल्या दोन बढत्यांपेक्षा तो प्रसंग मला जास्त आठवतो.

पुढे जाणं-येणं कमी झालं. बाब गेल्याचं मला उशिरा कळलं. गेल्या वर्षी एका लग्नासाठी पेडण्याला गेलो तेव्हा उताराच्या त्या घरी वळलो. पठारावर आता विमानतळ आहे. घरावरून विमान गेलं की मेना बोलणं थांबवते आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करते. इस्पितळातून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली. तिने चहा दिला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून वही काढली.

“पाय म्हज्याच वॉर्डांत आसलो,” ती म्हणाली. “डॉक्टरान ताका सांगलें, आठ दिसांनी घरा वतलो. पायन विचारलें, हें तुमकां खबर आसा, काय दिसता? डॉक्टर हासलो. मागीर पायन म्हाका विचारलें. बाय, कितले दीस?”

“तू काय म्हणालीस?”

“खबर ना, म्हळें.” विमान आलं. ती थांबली. मग म्हणाली, “म्हाका खबर आसलें मास्तर. तीस वर्सां नर्स हांव.”

“आणि ते?”

“म्हज्या तोंडाकडेन बघलें. मागीर म्हणालो, वयेंत बरय.”

तिने लिहिलं होतं. तिच्या पानावरची ती ओळ मी पाहिली: ‘पाय कितले दीस?’ ओळीवर रेघ होती, ती दुसऱ्याच दिवशी दुपारी, बाब गेल्यावर, मारलेली. त्या वहीत तिने केलेली एकमेव खोटी नोंद. ती खोटी आहे हे तिच्या बापाला कळलं होतं की नाही, हे तिलाही सांगता येईना.

मग तिने बाबांचं पान उघडलं. बोटीवरच्या काळापासूनचे प्रश्न होते, लाटांचे, धर्माचे, खमिराचे. जवळजवळ सगळे खोडलेले. परीक्षेच्या वर्षातली एक ओळ तेवढी उघडी होती. देवनागरीत, मी शिकवलेल्या वळणाची, जोडाक्षरं अजून अडखळणारी: ‘मेनाक हांवें सांगलें तें बरें केलें काय वायट?’

“तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“शंबर फावटीं सांगलें. बरें केलें म्हण. ताका पटूंक ना.” तिने पानावरून हात फिरवला. “आनी हांव खोडूंक शकना. ओळ म्हजी न्हय.”

तिने ओळीखालची मोकळी जागा दाखवली आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. “तुमी बरयतात जाल्यार बरयात. सकयल जागो आसा.”

मी पेन्सिल हातात घेतली. उत्तर मला सुचत होतं. चांगलं दोन परिच्छेदांचं, दाखल्यांसकट, कुठल्याही सभेत टाळ्या घेईल असं.  मग पेन्सिल खाली ठेवली आणि वही तिला परत दिली.

मेनाने ती डब्यात ठेवली आणि मला आणखी चहा हवा का, म्हणून विचारलं.